कच्चे कोणाला म्हणावे? सातारा-सांगलीच्या माळवदांचा फेरविचार

माझे आजोळ माणगंगेच्या काठचे. तिथल्या घराची ग्रामपंचायतीतली नोंद मी पहिल्यांदा पाहिली ती २००६ साली, मामांच्या घरपट्टीची पावती काढायला त्यांच्याबरोबर गेलो होतो तेव्हा. नमुना आठच्या नोंदवहीत मालकाचे नाव होते, लांबी-रुंदी होती, कराची रक्कम होती आणि घराच्या वर्णनापुढे 'मातीचे, कच्चे' असे दोन शब्द होते. सहा खणांचे माळवद, दगडी जोते, सोपा, माजघर, सोप्याला लागून बैलांचे दोन खण, एवढा सगळा पसारा त्या दोन शब्दांत बसवला होता. मामा काही बोलले नाहीत. घरी येऊन मामीला सांगितले, तेव्हा ती चुलीपुढून मान वर न करता म्हणाली, "कच्चं म्हनं! माझ्या आजेसासूचं बाळंतपण ह्याच माजघरात झालंय. कच्चं आसतं तर कवाच पडलं नसतं व्हय?"

मी वास्तुविशारद नाही, इतिहासाचा पदवीधरही नाही. विट्यात वडिलांनी काढलेले हार्डवेअरचे दुकान मी चालवले. पत्रे, अँगल, सिमेंट, खिळे, कडी-कोयंडे विकले. त्या दिवसानंतर दुकानातला टेप आणि रोजमेळाची एक कोरी वही घेऊन मी सुट्टीच्या दिवशी गावे फिरू लागलो. खानापूर, आटपाडी, माण, खटाव, जत हा पूर्वेचा भाग पायाखालचा होता. पुढे पाटण, जावळी, शिराळा या पावसाच्या तालुक्यांतही गेलो. जे वाचले ते गरज पडेल तसे वाचले. त्यामुळे या लेखात शिस्तीच्या उणिवा असतील. पण जे विकत होतो त्याच वस्तूने जे संपत होते त्याची नोंद मी करीत होतो, ही अडचण मात्र मी सुरुवातीलाच सांगून टाकतो.

माझे म्हणणे असे आहे : आपल्याकडे ग्रामीण घराविषयी जे लिहिले जाते, मग ते सरकारी दप्तरात असो, आठवणींच्या लेखांत असो की वारसा जपणाऱ्यांच्या पुस्तिकांत, त्यात घर हे साहित्यावरून आणि आकारावरून ओळखले जाते. माती म्हणजे कच्चे, सिमेंट म्हणजे पक्के. किंवा उलट, माती म्हणजे थंडगार आणि सिमेंट म्हणजे भट्टी. दोन्हीकडे चूक एकच आहे. सातारा-सांगलीची जुनी घरे कच्ची की पक्की हे मातीवर ठरत नव्हते. दरसाल त्या घराचे काय केले जाते, यावर ते ठरत होते.

पाऊस आणि छप्पर

सातारा आणि सांगली हे आज दोन जिल्हे आहेत. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली झाले. घरांच्या दृष्टीने पाहिले तर हा एकच पट्टा आहे आणि त्याची विभागणी पश्चिमेकडून पूर्वेकडे आहे. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथून सव्वाशे किलोमीटरच्या आत दहिवडीला तो पाचशेच्या आसपास येतो. एवढ्या थोड्या अंतरात छप्पर उभ्या उतरणीवरून पार आडवे होते.

पाटण-जावळीकडे उंच आढे, दोन्हीकडे खाली ओढलेली पाखे, पडवीत शिरताना वाकावे लागेल इतका खाली आलेला वळचणीचा काठ. भिंती कुठे दगडाच्या, कुठे कारवीच्या काटक्यांचे कूड करून त्यावर शेणामातीचा लेप. पूर्वी वर गवत असे, ऐपत असेल तर कुंभाराने भाजलेली देशी कौले. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे मंगलोरी कौल घाटावर सगळीकडे पोहोचले. पावसाळ्यात गुरे घरातच, एका बाजूला. माळ्यावर जळण आणि वैरण, खाली चूल. चुलीचा धूर माळ्यातून वर जाई, आणि त्या धुराने वासे काळे पडत, कीड लागत नसे.

कऱ्हाड, वाळवा, मिरज हा कृष्णेचा मधला पट्टा मिश्र आहे. इथे कौलारू घर आणि माळवद एकाच आळीत शेजारी दिसतात. पुढे पूर्वेला माळवदच. आकाशातून पाणी येते ते क्वचित, आणि येते ते वळवाचे, धबधबा. उरलेले आठ-नऊ महिने छप्पर हे पाऊस अडवण्यासाठी नसतेच. ते ऊन अडवण्यासाठी, मिरच्या आणि सांडगे वाळवण्यासाठी, उन्हाळ्यात झोपण्यासाठी असते.

पर्यटकाला आणि सिनेमा पाहणाऱ्याला या भागातले जुने घर म्हणून वाईचे वाडे किंवा मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा ठाऊक असतो. ते वाडे मोलाचे आहेतच. पण ते सरदाराचे, सावकाराचे, कारभाऱ्याचे. त्यांच्यावरून शेतकऱ्याचे घर ओळखणे म्हणजे लग्नातल्या शालूवरून रोजचे लुगडे ओळखण्यासारखे आहे.

माळवद कसे होते

माळवदाला 'मातीचे घर' म्हणतात, पण ते मुळात लाकडाचे घर आहे. दगडी उथळ्यावर खांब, खांबावर तुळई, तुळईवर आडवे सर आणि त्यावर किलचण, म्हणजे आखूड लाकडांचा दाट पडदा. लाकूड बाभळीचे, लिंबाचे; ऐपत असेल तर सागाचे. किलचणीवर तुराट्या, तरवडाच्या काटक्या, लिंबाचा पाला. त्यावर चिखल आणि सर्वांत वर पांढरी माती. भिंती दगडाच्या किंवा मातीच्या भेंड्यांच्या. नीट बांधलेल्या घरात वरचा भार खांब उचलतात, भिंत फक्त आडोसा करते. स्वयंपाकाच्या जागी छताला सानं ठेवलेले. त्यातून धूर वर आणि उजेड खाली.

दोन तुळयांमधली जागा म्हणजे खण. घर किती फुटांचे हे कोणी विचारत नसे, किती खणांचे ते विचारत. भावाभावांत वाटणी झाली तरी ती खणांनी. "मला दोन खण आणि गोठा आला" असे म्हणणारे लोक अजून आहेत. म्हणजे खण हे एकाच वेळी सुताराचे माप होते आणि वारसाहक्काचेही.

पांढऱ्या मातीचे गूढ मला बराच काळ उलगडले नव्हते. काळ्या रानात काळी माती पायाखाली पडलेली असताना लोक लांबून पांढरी का आणत? त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' या १९१५ सालच्या ग्रंथात काळी म्हणजे शेतजमीन आणि पांढरी म्हणजे गावठाण हा भेद वाचला आणि प्रकाश पडला. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने फाटते. तिच्या भेगांतून पाऊस सरळ खाली येईल. पांढरी ही शेकडो वर्षे माणसे राहून गेलेल्या जागेची माती. राख, शेण, पडलेल्या भिंती, भुगा हे सारे मुरून ती तयार झालेली. ती खारट असते, ओली झाली की तिच्यावर घट्ट साय धरते आणि पाणी वरून वाहून पन्हळीला लागते. जुन्या घरांची माती नव्या घरांच्या डोक्यावर, असे हे चक्र होते.

आता वर्षाचे काम. वैशाखात, वळीव सुरू व्हायच्या आत, माळवदावर चढायचे. उगवलेले गवत मुळासकट उपटायचे, कारण मूळ गेले तिथून पाणी गेले. पन्हळी मोकळ्या करायच्या. पावसाने धुपलेला, सैल झालेला वरचा थर खरडून खाली टाकायचा. मग नवी पांढरी माती पसरायची, पाणी शिंपडून चोपायची आणि उतार पन्हळीकडे आहे ना ते बघायचे. पावसाळ्यात झड लागली तर रात्री उठून वर जायचे आणि जिथे टिपूस लागले तिथे वरून पायाने माती दाबायची. घटस्थापनेच्या आधी दसरा काढायचा : सगळी भांडीकुंडी, अंथरुणे बाहेर, भिंतींना पोतारा, जमिनीला सारवण. यातले छतावरचे काम बहुतेक पुरुषांचे आणि भिंत-जमिनीचे संपूर्णपणे बायकांचे.

हे सारे एका साली चुकले तर गळते. तीन साली चुकले तर किलचण कुजते. पाच-सात साली चुकले तर तुळई बसते. माझ्या वहीतल्या पडक्या घरांचा हाच क्रम आहे. म्हणजे मामीचा प्रश्न बरोबर होता. ते घर पक्के होते, पण त्याचा पक्केपणा दरसाल नव्याने घ्यावा लागत होता.

लिहिणाऱ्यांनी काय पाहिले

या दृष्टीने आपले लेखन तपासले तर काय दिसते? जनगणनेत आणि घरकुलाच्या याद्यांत घराची प्रत भिंतीच्या आणि छपराच्या साहित्यावरून ठरते. मातीची भिंत आणि मातीचे छप्पर असले की कच्चे. मग ते घर नीट राखलेले असो की मोडकळीला आलेले, रकाना एकच. प्रशासनाला मोजायला सोपे माप लागते, हे मी समजू शकतो. पण लेखकांनीही तेच माप उचलले, फक्त त्याची किंमत उलटी केली. दिवाळी अंकांतून, रविवारच्या पुरवण्यांतून येणारे आजोळच्या घराचे लेख पाहावेत. त्यांत सारवलेल्या जमिनीचा वास असतो, कोनाड्यातली पणती असते, उन्हाळ्यातला गारवा असतो. झडीच्या रात्री अंथरुणाभोवती मांडलेली पातेली क्वचित असतात. आणि सारवण होते ते कोणाच्या हाताने, कंबर किती वेळ वाकून, हे तर फारच क्वचित.

याला एक सन्माननीय अपवाद मला आमच्याच माणदेशात सापडला. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ साली आली. ती धनगरांच्या एका वाडीची आणि तिथे आलेल्या तरुण मास्तरांची कादंबरी म्हणून आपण वाचतो. मी ती एका इमारतीची गोष्ट म्हणूनही वाचतो. मास्तरांच्या पुढाकाराने वाडी तालीम उभी करते आणि औंधचे राजे तिच्या उद्घाटनाला येतात. आणि मग दुष्काळ येतो, माणसे मेंढरे घेऊन जगायला बाहेर पडतात, वाडी ओस पडते. या दोन घटनांच्या शेजारपणात माडगूळकरांनी जे जाणले होते ते वास्तूवरच्या पुष्कळ लेखनाला उमगलेले नाही : या प्रदेशात इमारत उभी राहते ती माणसे जमली म्हणून, आणि माणसे पांगली की तिच्या भिंती आपल्या बळावर तिला तारू शकत नाहीत. तालमीचे पुढे काय झाले असेल, हा प्रश्न कादंबरी मिटल्यावर माझ्या मनात राहतो. तिच्यावर पुढच्या वैशाखात कोण चढले असेल?

आटपाडीचेच शंकरराव खरात यांचे 'तराळ-अंतराळ' हे आत्मकथन या प्रश्नाची दुसरी बाजू दाखवते. तराळकीचे काम करणाऱ्या बापाच्या वाट्याला काय येत होते ते त्यात आहे. चावडी झाडणे-सारवणे यांसारखी कामे गावकीच्या नावाने महारांच्या माथी असत आणि त्या कामाला 'नाही' म्हणण्याची सोय नव्हती. ही कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला. तेव्हा जुन्या घरांची देखभाल करणारे हात गेले, असे हळहळून लिहिताना थोडे थांबावे. काही हात परागंदा झाले, काही गलाईच्या धंद्यात मद्रास-कलकत्त्यापर्यंत गेले, आणि काही हात सुटले. सुटलेल्या हातांबद्दल हळहळ वाटायचे कारण नाही.

घरामागची घरे

घर म्हणजे माणसाने राहायची जागा, ही समजूत या भागात लागू केली की निम्मे घर हिशेबातून सुटते. माझ्या आजोळी सहांपैकी दोन खण बैलांचे होते. सोप्यातून गोठा दिसला पाहिजे, ही मांडणी रात्री बैल सुटला तर कळावे म्हणून. परड्यात शेणींचा हुडवा, तोही वरून शेणाने लिंपलेला, म्हणजे शेणाचेच एक बिनदाराचे घर. कडब्याची गंज. माजघरात बांबूच्या विणीची, शेणाने सारवलेली कणगी. खळे तर दरसाल नवे : सुगीच्या आधी जमीन खोदून, पाणी मारून, बैल फिरवून, सारवून केलेले, आणि मळणी झाली की मोडलेले. त्याला कच्चे म्हणायचे की पक्के?

कृष्णाकाठी अशी दोन बांधकामे आहेत की ज्यांना इमारत म्हणून कोणी मोजलेच नाही. एक गुऱ्हाळघर. उसाच्या हंगामात उभारलेले, बाजूंनी मोकळे, मधे जमिनीत खोदलेले चुलवाण आणि त्यावर काहील. छप्पर उंच, कारण वाफ वर गेली पाहिजे. मोकळे, कारण जाळासाठी चिपाड सतत आत यायला हवे. हंगाम संपला की पाचट उतरवायचे, पुढच्या साली नवे घालायचे.

दुसरे पेव. सांगलीजवळ, कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपुरात हळद साठवण्याची पेवे होती. वर तोंड लहान, खाली पोट मोठे, जमिनीत खोल उतरलेली. विटा नाहीत, चुना नाही. त्या जागेची मातीच अशी की कड ढासळत नाही आणि ओल आत येत नाही. तळाला आणि कडेला पाला-पाचट घालून हळद भरायची, तोंड मातीने लिंपून बंद करायचे. त्यात हळद वर्षानुवर्षे कीड न लागता राहायची. उघडताना लगेच उतरायचे नाही. आतली कोंदट हवा माणूस मारते. तोंड उघडे ठेवून, कंदील सोडून, तो विझत नाही ना हे पाहून मगच माणूस उतरवायचा. सांगलीच्या हळदबाजाराचा डोलारा या कोऱ्या मातीच्या खड्ड्यांवर उभा होता. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरले आणि फार मोठे नुकसान झाले. व्यापार गोदामांकडे आणि शीतगृहांकडे वळला. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. तोवर पेवे बव्हंशी बुजली होती.

पेवाची गोष्ट माझ्या म्हणण्याला पुष्टी देते आणि मर्यादाही घालते. पेव हे साहित्याने कच्चे आणि राखणीने पक्के होते. पण राखणीच्या हिशेबात महापूर नव्हता. जी रीत वर्षाच्या ठरलेल्या फेऱ्यावर उभी असते, ती फेऱ्याबाहेरच्या आपत्तीपुढे उघडी पडते. घरांच्या बाबतीत ही आपत्ती म्हणजे भूकंप.

मातीचे वजन

११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला. सुमारे १८० माणसे गेली. पाटण तालुक्यातली मातीत रचलेल्या दगडांची घरे ढासळली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. ती भूमी आमची नव्हे, लातूर-उस्मानाबादची. पण ती घरे आमचीच होती. तीच दगड-मातीची भिंत, तेच लाकडी खण, तीच वरची माती. आठ हजारांच्या आसपास माणसे गेली आणि त्यांतली बरीच आपल्याच छताखाली. पाहणी करणाऱ्यांना तिथे असेही दिसले की काही घरांत खांब-तुळयांचा सांगाडा तसाच उभा होता आणि भिंती मात्र बाहेर कोसळल्या होत्या. सुताराचे काम टिकले, गवंड्याचे पडले. पण सगळीकडे तसे नव्हते. अनेक ठिकाणी तुळया भिंतीवरच टेकवलेल्या होत्या, आणि छतावर मातीचे थर काही ठिकाणी दोन फुटांपर्यंत चढलेले होते.

हे थर का चढले? मातीच्या घराचे गोडवे गाणाऱ्यांनी हा प्रश्न टाळू नये. ते थर देखभालीचेच होते. दरसाल वर माती घातली. फक्त खरडून काढायचे काम सुटले. काढणे कष्टाचे, डोळ्यांत माती जाणारे, आणि न काढल्याने त्या साली काही बिघडत नाही. घालणे मात्र चुकवता येत नाही, कारण घातली नाही तर गळते. म्हणून देखभालीचा अर्धा भाग चालू राहिला आणि उरलेला अर्धा बंद पडला. छप्पर दरसाल कोरडे राहिले आणि दरसाल जड होत गेले.

या बाबतीत माझ्या वाचनात एक पोकळी सातत्याने आढळली. माळवदावर माती 'घालतात' हे पुष्कळांनी लिहिले आहे. 'काढतात' हे लिहिणारा मला भेटला नाही. जी क्रिया लिहिणाऱ्यांच्या नजरेतून निसटली, तीच करणाऱ्यांच्या हातूनही निसटत गेली होती.

पत्र्याचा हिशेब

किल्लारीनंतर आमच्या दुकानात पत्र्याची चौकशी वाढली. लोक म्हणत, "डोक्यावरचं ओझं उतरवायचंय." मी ते उतरवून दिले. त्याबद्दल मला खंत नाही. पत्र्याखाली माणूस चिरडून मरत नाही. पण पत्र्याने काय दिले आणि काय नेले, याचा हिशेब दुकानदार म्हणून मला मांडता आला पाहिजे.

२००९ च्या उन्हाळ्यात मामांचे घर उतरवले. धाकट्या मामेभावाचे लग्न ठरले होते आणि पाहुण्यांना माळवद दाखवायचे नव्हते. पत्रे आमच्याच दुकानातून गेले. माती खाली ढकलताना मी टेप लावला. थर सव्वा फुटाचा निघाला. एक खण सहा फूट बाय नऊ फूट. कोरडी माती घनफुटाला साधारण ४५ किलो धरली तर एका खणावर तीन टन होतात. माणसांच्या चार खणांवर बारा टन माती होती आणि तिच्याखाली तीन पिढ्या झोपल्या होत्या. त्याच एका खणावर बसवलेल्या पत्र्याचे वजन तीस किलोही भरले नाही.

मातीच्या कापलेल्या कडेत थर दिसत होते, पांढरे-करडे, मधे पाल्याची काळी रेघ. मी ते मोजायला लागलो. मामी उन्हात उभी होती. म्हणाली, "सासू हुती तवर दरसाल काढून मग टाकायची. तिच्या माघारी नुसती टाकीतच आलो. काढाय कोन हाय? ह्ये दुकानात, थोरला मुंबैला." 'ह्ये दुकानात' म्हणजे मी.

पत्रा हलका आहे, गळत नाही, वर चढावे लागत नाही. पण मे महिन्यात दुपारी त्याखाली बसवत नाही, आणि वळवाच्या वाऱ्याने तो उडू नये म्हणून त्यावर दगड ठेवावे लागतात. पुढे ज्यांना जमले त्यांनी स्लॅब टाकला. आमच्या भागात तो बहुतेक गलाईच्या पैशातून आला. ज्यांना जमले नाही ते घरकुलाच्या यादीकडे पाहत राहिले. २०१६ पासूनच्या योजनेत सपाट भागातल्या घराला १ लाख २० हजार रुपये आणि किमान २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट, असे प्रमाण आहे. या योजनेच्या यादीत येण्यासाठी घर कच्चे असावे लागते. त्यामुळे 'कच्चे' हा शब्द आज केवळ अपमान उरलेला नाही. तो अर्जाचा आधार आहे. तो पुसून टाका असे मी म्हणणार नाही. ज्या बाईला वर्षातून चारदा सारवण नको आहे, तिला सिमेंटची जमीन मिळालीच पाहिजे.

माझा आक्षेप दुसरा आहे. २६९ फुटांत दोन बैल, एक कणगी आणि कडबा बसत नाही. गोठ्यासाठी सरकारची वेगळी योजना आहे, वेगळा अर्ज आहे. जे एका आढ्याखाली होते ते दोन फायलींत गेले. आणि नव्या घराच्या देखभालीबद्दल तर कोणीच बोलत नाही. 'पक्के' या शब्दाने अशी समजूत करून दिली आहे की आता घराकडे पाहायला नको. स्लॅबवर पाणी साचते, पन्हळीचा पाइप तुंबतो, सळई गंजते, वीस-पंचवीस वर्षांत छताचे पोपडे पडतात. माळवद गळले की लगेच सांगायचे. स्लॅब बरीच वर्षे गप्प राहतो आणि मग एकदम बोलतो.

नायगावला सावित्रीबाई फुले यांचे आणि देवराष्ट्रे येथे यशवंतराव चव्हाणांचे जन्मघर स्मारक म्हणून जपले आहे. ती घरे उभी आहेत याचे समाधान आहे. पण तिथेही आपण आकार जपतो. चूल पेटत नाही म्हणून धूर नाही, गुरे नाहीत म्हणून शेण नाही; भिंत सारवली जाते ती मजुरीच्या हिशेबाने. यात दोष कोणाचा नाही. फक्त त्या घरांकडे पाहून 'असे राहत होते' एवढेच कळते. 'असे राखत होते' हे कळत नाही. ते वेगळे लिहून ठेवावे लागेल, आणि ज्यांना ठाऊक आहे ती माणसे सत्तरीच्या पुढे आहेत.

काढलेली माती

माझ्या वहीत घराची नोंद करताना मी पूर्वी छप्पर, भिंत, खण, लाकूड असे रकाने आखीत असे. आता त्यात एक रकाना वाढवला आहे : 'माती शेवटची केव्हा काढली?' घातली केव्हा, हे लोक चटकन सांगतात. काढली केव्हा म्हटले की थांबतात, एकमेकांकडे पाहतात, आणि मग बहुधा घरातली म्हातारी एखाद्या मेलेल्या माणसाचे नाव घेते.

२००९ मध्ये घर उतरवताना बैलांचे दोन खण तसेच ठेवले होते. पत्रे कमी पडले, एवढेच कारण. पुढे बैल विकले, मामा गेले. गेल्या वैशाखात गेलो तेव्हा मामी दुपारची त्या गोठ्यात बाज टाकून पडली होती. बाहेर पत्रा तापून कडकडत होता. म्हणाली, "आलाईस तर वर चढ जरा. गवात लय वाढलंय."

चढलो. गवत उपटले, पन्हळ मोकळी केली आणि खोऱ्याने वरची माती खरडायला लागलो. पन्नाशी उलटली आहे. अर्ध्या तासात दम लागला. सहा बोटे माती निघाली असेल. नवी पांढरी आणायची कुठून, हा प्रश्न होताच. गावठाणाच्या जुन्या ढिगावर आता पाण्याची टाकी आहे. मी खोरे ठेवून खाली वाकून विचारले, "बास का?"

"आजून काढ," मामी म्हणाली. "किलचन दिसूस्तवर न्हाई, पर हलकं हूं दे."

त्या दोन खणांची नमुना आठमध्ये आज वेगळी नोंद नाही. माझ्या वहीत आहे : खण दोन, लाकूड बाभूळ, माती काढली चालू साली.